खोबरेल भर दुपारी थिजलं

१

एस्टर तोआबाई व्यासपीठावरून "स्वावलंबन" म्हणत होत्या, तो शब्द पुरा होण्याआधीच माइक गेला. मंडपातले पंखे गरगरत मंदावले आणि थांबले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की टेकडीखालून दिवसभर येणारी धडधड बंद झाली आहे. वीजघराचं इंजिन थांबलं होतं.

आमच्या लोमारी बेटावर त्या दिवशी जे घडू नये, नेमकं तेच घडलं.

एस्टरबाई नियोजन समितीच्या अध्यक्षा. व्हिलाहून, म्हणजे राजधानीहून, आमचं वीजघर बघायलाच त्या आल्या होत्या. पूर्वी आम्ही सुकं खोबरं मातीमोल भावाने बोटीवर चढवायचो आणि त्याच बोटीतून डिझेलची पिंपं सोन्याच्या भावाने उतरवून घ्यायचो. दोन वर्षांपूर्वी गावाने स्वतःचा घाणा घातला. तेव्हापासून आमचे नारळ, आमचं तेल आणि त्या तेलावर चालणारं आमचं इंजिन. समितीला ते पटलं, तर आणखी सहा बेटांना असे घाणे मिळणार होते. नाही पटलं, तर तोच सगळा निधी आमच्याच किनाऱ्यावर एक लांबलचक धक्का बांधायला जाणार होता, पर्यटकांच्या जहाजांसाठी.

वीजघरातून सायलस धावत आला. आमचा इंजिनवाला. फिजीला जाऊन शिकून आलेला पोरगा, पण त्या क्षणी त्याचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा दिसत होता. त्याच्या ओंजळीत पांढरा, तेलकट गोळा होता.

"टाकीच्या तळाला, तेल इंजिनात जातं तिथे जाळी असते, ती याने गच्च बसलीय," तो म्हणाला.

"म्हणजे तेल थिजलं!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य मंडपभर पसरलं.

गावपरिषदेचे सचिव आयझॅक मोलू सकाळपासून पाहुण्यांच्या दिमतीला होते. त्यांनी मान हलवली. "काय बोलायचं, मॅडम. शेवटी खोबरेल ते खोबरेल. डोक्याला लावायची वस्तू."

दोघं-तिघं हसले. एस्टरबाई हसल्या नाहीत. "तुमच्या दवाखान्यात मुलांच्या लशी आहेत ना? त्यांचं काय? असल्या भरवशावर मी आणखी सहा बेटं सोडायची? उद्या दुपारी आमचं विमान आहे. मला वाटतं, मला जे बघायचं होतं ते मी पाहिलं."

सायलसने ओंजळ खाली केली. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली रुथआत्या उठली. सरळ त्याच्यापाशी गेली, त्या गोळ्याचा एक तुकडा उचलला, मुठीत घट्ट धरला आणि काही न बोलता जागेवर येऊन बसली.

मी शाळेत गणित शिकवते. गप्प बसून उत्तर काढणारी माणसं मला ओळखू येतात.

"काय झालं, आत्या?"

"थांब जरा."

तिच्या कपाळावर घाम होता. माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती. थोड्या वेळाने तिने मूठ उघडली. तुकडा होता तसाच होता.

"सेलिना, थिजलेलं खोबरेल तळहातावर किती वेळ टिकतं गं?" ती हळूच म्हणाली. "हे खोबरेल नाही."

२

रुथ लेइमारा माझी सख्खी आत्या. व्हिलाला लोकायुक्त कार्यालयात तपास अधिकारी म्हणून तिने उभी हयात घालवली. मंत्र्यांच्या गाड्यांपासून गायब झालेल्या बुलडोझरपर्यंत तिने खूप काही शोधून काढलं होतं. आता ती रजेवर घरी आली होती, रताळी लावायला.

तिने एस्टरबाईंना बाजूला घेतलं आणि तो तुकडा नखाने फोडून दाखवला. आत सुताचा एक बारीक धागा होता.

"मेणबत्ती," आत्या म्हणाली. "किसून टाकीत टाकलेली. हे कोणीतरी मुद्दाम केलंय."

एस्टरबाईंनी धागा डोळ्यांजवळ नेला. "कोणी?"

"तुमचं विमान सुटेपर्यंत मला वेळ द्या. आणि वीजघराला माझं कुलूप लागेल. आत कोणी काही साफ करायचं नाही, सायलसनेसुद्धा नाही."

"आणि तुम्हाला नाही सापडलं तर?"

"तर धक्का बांधा. मी स्वतः पायाभरणीच्या मेजवानीला लापलाप रांधीन."

मेणबत्तीची बातमी फुटायला वेळ लागला नाही, आणि बातमीबरोबर एक नावही फुटलं. एडमन वारू. बेटावरचा एकमेव डिझेलचा एजंट. इंजिन थांबायच्या थोडं आधी तो वीजघराच्या मागून बाहेर पडताना चौघांनी पाहिला होता. त्याच्या दुकानात फळीभर मेणबत्त्या धूळ खात पडल्या होत्या. घाणा आल्यापासून त्याचं डिझेलही पडून होतं.

"आता आणखी काय पुरावा पाहिजे?" आयझॅक म्हणाले. "रुथताई, सांगा फक्त. त्याला परिषदेपुढे उभा करतो."

दोन धट्टेकट्टे तरुण तेवढ्यात दुकानाकडे निघालेही होते. आम्ही पोहोचलो तेव्हा एडमन दाराला पाठ लावून उभा होता, आणि त्याच्या हातात कोयता होता.

३

"कोयता खाली ठेव, एडमन," आत्या म्हणाली. "शाळेत तू मला बेडूक दाखवून घाबरवायचास. तेव्हापासून तुझं हे नाटक मला पाठ आहे."

"मी काही केलं नाही, रुथ!"

"वीजघरामागे काय करत होतास?"

"लघवीला गेलो होतो."

"सगळा गाव मंडपात असताना तू लघवीला टेकडी उतरून खाली गेलास?"

एडमनने कोयता खाली ठेवला. आत्या मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. दुकानाशेजारी त्याचा जुना ट्रक उभा होता. त्या दोन तरुणांपैकी एकाला तिने ट्रक चालू करायला सांगितलं. मागच्या नळीतून धूर आला. आत्याने खोल श्वास घेतला.

"काय गं सेलिना, भूक लागली ना?"

खरंच लागली होती. धुराला केळ्याचे काप तळल्यासारखा वास होता.

एडमनचा चेहरा पडला. "रुथ, हे सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांसमोरच. नाहीतर ही पोरं तुला सोडणार नाहीत."

"ठीक आहे! घेतो मी घाण्याचं तेल. घाण्याच्या मागच्या दाराने, पैसे मोजून, चोरून नाही." तो खाली बघत म्हणाला. "डिझेल परवडत नाही."

क्षणभर कोणालाच समजेना. मग पहिला तरुण हसायला लागला, दुसऱ्याने कुंपण धरलं. बेटावरचा डिझेलचा एजंट स्वतःचा ट्रक खोबरेलावर चालवत होता! घाणा वीजघराला लागूनच आहे. म्हणून तो तिथे दिसला होता, कॅन भरायला.

"घाणा बंद पडला तर तुझंच नुकसान," आत्या म्हणाली.

"तेच तर! आणि त्या धक्क्याने माझं काय भलं होणार? तिथे म्हणे मोठी दुकानं येणार, व्हिलाची."

परत येताना संध्याकाळ झाली. वीज नव्हती, त्यामुळे घराघरांत मेणबत्त्या पेटल्या होत्या. एडमनकडे, पाद्रीबाबांकडे, आयझॅककडे, आमच्या स्वतःच्या ओसरीवर. दोन वर्षं कोनाड्यात पडलेल्या सगळ्या मेणबत्त्या त्या दिवशी बाहेर आल्या होत्या.

"मेणबत्ती कोणाची, ते शोधण्यात अर्थ नाही," आत्या म्हणाली. "सगळ्यांची आहे."

"मग आता?"

"आता वेळ शोधायची. सगळे धरून चाललेत की मेण इंजिन थांबायच्या जरा आधी टाकलं. का बरं?"

घरी गेल्यावर तिने पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीत खोबरेल ओतलं, त्यात मेणबत्तीचा कीस टाकला, आणि बरणीकडे बघत जेवायची विसरली.

४

सकाळी सायलस वीजघराच्या पायरीवर बसलेला सापडला. तो झोपला नव्हता.

"मावशी, चूक माझीच आहे. मी टाकीत बघायला हवं होतं."

"रोज बघतोस?"

"रोज सकाळी टाकी भरतो, तेव्हा झाकण उघडावंच लागतं. काल भरली नाही."

"का?"

"भरू नको असा निरोप होता. जेवणं झाल्यावर एस्टर मॅडम स्वतःच्या हाताने तेल ओतणार, फोटो निघणार, म्हणून टाकीत जागा पाहिजे. आदल्या दिवशीचं तेल दुपारपर्यंत पुरेल असा माझा हिशोब होता. पुरलंही असतं."

"निरोप कोणी दिला?"

"सचिवांनी. म्हणाले, मॅडमचीच इच्छा आहे."

आत्याने मान डोलावली, जणू त्याने हवामान सांगितलं. मग विचारलं, "किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक परिषदेच्या कचेरीत खिळ्याला."

"कचेरीत येणारा कोणीही घेऊ शकतो?"

"हो. पाद्रीबाबा घेतात, पाणीवाला घेतो."

तिथून आम्ही दवाखान्यात गेलो. डोरा परिचारिका सुया उकळत होती. मला तिला धीर द्यायचा होता. काल एस्टरबाई सगळ्यांसमोर लशींबद्दल बोलल्या होत्या.

"डोरा, किती लशी वाया गेल्या?" मी विचारलं.

"एकही नाही," ती म्हणाली. "काल सकाळीच सगळ्या मिशनच्या गॅसच्या फ्रीजमध्ये हलवल्या होत्या."

आत्या दाराशी होती, तिथेच थबकली.

"सकाळी? वीज जायच्या आधी?"

"हो ना. नशीबच म्हणायचं. दादाने हट्टच धरला. पाहुणे येतील, उगाच फ्रीज उघडून बघतील, गरम हवा जाईल, म्हणून हलव म्हणाला. मी वैतागले होते खरं तर. एवढी ने-आण कोण करणार? तर स्वतः पेटी उचलून घेऊन गेला."

डोराचा एकच दादा होता. आयझॅक मोलू.

बाहेर आल्यावर आत्या आंब्याखाली थांबली. तिने एक उत्तर शोधलं होतं आणि ते तिला आवडलेलं दिसत नव्हतं.

"आत्या, पण काल पाहुण्यांचं विमान उतरल्यापासून आयझॅककाका त्यांच्याबरोबरच होते. विमानतळ, शाळा, मंडप. एक क्षणही एकटे नव्हते. सगळ्यांनी पाहिलंय."

"सगळ्यांनी पाहिलंय," ती म्हणाली. "तीच तर त्यांची सोय होती. जा, सगळ्यांना वीजघरापाशी बोलाव. आणि माझी बरणी आण."

५

गाव जमलं. एस्टरबाई सामान बांधून आल्या होत्या. त्यांच्याबरोबरच्या दोघा सदस्यांनी विमानतळाच्या दिशेने दोनदा पाहिलं. आयझॅक त्यांच्यासाठी खुर्च्या लावत होते.

आत्याने बरणी दगडावर ठेवली. खालच्या बाजूला तिने एक छोटी तोटी बसवली होती आणि तोटीच्या तोंडाला आतून जाळीचा तुकडा.

"हे आपलं खोबरेल. ही किसलेली मेणबत्ती. बघा, मेण कुठे आहे?"

"वर," पुढे बसलेल्या बायका म्हणाल्या. पांढरा कीस तेलावर तरंगत होता.

तिने तोटी उघडली. तेल खालून वाहू लागलं, स्वच्छ, सोनेरी. बरणी अर्धी झाली तरी धार चालूच. आणखी खाली गेली तरी चालूच. मग तेल तळाला टेकलं, तरंगणारा कीस जाळीवर उतरला आणि धार तुटली.

कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

"मेण इंजिन थांबायच्या जरा आधी टाकलेलं नाही," आत्या म्हणाली. "ते आदल्या दिवशीच टाकलं होतं. टाकी भरली, त्यानंतर केव्हातरी. टाकी भरलेली असती, तर मेण आणखी दिवसभर वर तरंगत राहिलं असतं, आणि सायलसने झाकण उघडलं असतं तर त्याला ते दिसलंच असतं. म्हणून काल सकाळी टाकी भरली जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट करणाऱ्याला हवी होती. मग तो खुशाल सगळ्यांसमोर हारतुरे वाटत फिरला तरी चालणार होतं. एस्टरबाई, टाकीत तेल स्वतःच्या हाताने ओतायची इच्छा तुम्ही कळवली होती?"

"मी?" एस्टरबाई म्हणाल्या. "मला हे आत्ताच कळतंय."

सायलसने मान वळवून आयझॅककडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"समारंभाच्या गडबडीत काहीतरी गैरसमज झाला," आयझॅक म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "मी आपलं सुचवलं. तेवढ्यावरून तुम्ही माणसाला गुन्हेगार ठरवणार, रुथताई?"

"तेवढ्यावरून नाही. तेवढ्यावर मीही तुला गैरसमजाचा फायदा दिला असता." आत्या त्यांच्याजवळ गेली. "आयझॅक, वीज जाणार हे काल सकाळी या बेटावर एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस लशींची पेटी स्वतः उचलून मिशनमध्ये घेऊन गेला."

डोराच्या तोंडून "दादा!" एवढंच निघालं.

आयझॅक खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

"लशी सडू दिल्या असत्यास तर तुझं काम जास्त पक्कं झालं असतं," आत्या म्हणाली. "समितीने जागच्या जागी नकार दिला असता. पण तुझ्याच्याने ते झालं नाही. तू वाईट माणूस असतास ना, तर मला सापडला नसतास."

मग आयझॅक खाली बसले. सरळ मातीवर.

"माझे दोन्ही मुलगे परदेशात सफरचंदं तोडतात," ते म्हणाले. "दर हंगामाला जातात. नातू बापाला फोनवर ओळखतो फक्त. धक्का झाला असता, जहाजं आली असती, तर त्यांना इथे काम मिळालं असतं. नारळाच्या तेलावर कोणाचा मुलगा परत येतो? दिवे लागतील, पण दिव्याखाली बसायला कोण असेल? इंजिन एकदा बंद पडलेलं समितीला दिसावं, एवढंच मला पाहिजे होतं. कोणाचं वाईट करायचं नव्हतं."

"माझं केलंत," सायलस म्हणाला. तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात आणि 'डोक्याला लावायची वस्तू' म्हणालात, लोक मला हसले. मी परत आलो ना, काका? मी फिजीहून या इंजिनासाठी परत आलो. घाण्यावर अकरा जण कामाला आहेत. त्यातला एकही आता सफरचंदं तोडायला जात नाही. ते कधी मोजलंत?"

आयझॅकनी वर पाहिलं नाही.

तेवढ्यात टेकडीवरून विमानाचा आवाज आला. समितीचे दोघं सदस्य उठले. एस्टरबाई मात्र बसूनच राहिल्या.

"वैमानिकाला थांबायला सांगा," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय ते अजून बघून झालेलं नाही."

६

सायलसने कुलूप उघडलं. त्याने टाकी रिकामी केली, जाळी काढली, धुतली, पुसली, उजेडात धरून पाहिली आणि परत बसवली. एस्टरबाईंनी अंगातला चांगला झगा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि तेलाची बादली उचलली.

"फोटो नको," त्या म्हणाल्या. "झाकण उघड."

त्यांनी ओतलं. बायकांनी रांग लावून घाण्यावरून आणखी बादल्या आणल्या. एडमननेही दोन आणल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत ओरडला, "हो, मला ठाऊक आहे कुठे मिळतं!" त्यावर जो हशा पिकला, तो थांबायच्या आतच इंजिनाने पहिला ठसका दिला. मग दुसरा. मग ते लयीत आलं. दवाखान्याच्या दारावरचा दिवा भर दुपारी पेटला, मंडपातले पंखे फिरू लागले, आणि आमच्या बायका, ज्या चर्चमध्ये सुद्धा अंग राखून गातात, त्यांनी तिथेच फेर धरला. एस्टरबाईंना त्यांनी मध्ये ओढलं. आत्याला ओढायला गेल्या तर ती म्हणाली, "माझी गुडघेदुखी," आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांत पुढे नाचत होती.

आयझॅकचं प्रकरण आमच्या रिवाजाप्रमाणे मिटलं. गावप्रमुख सरदारांच्या अंगणात त्यांनी सायलसपुढे वळलेल्या सुळ्यांचं, आमच्याकडे सर्वांत मोलाचं, डुक्कर बांधलं, चटया अंथरल्या आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. सायलसने चटई उचलून खांद्यावर घेतली, म्हणजे माफी स्वीकारली. सचिवपद आयझॅकनी स्वतःहून सोडलं. आता ते घाण्यासाठी नारळ गोळा करतात. बोलतात कमी.

त्याच दुपारी जाताना एस्टरबाई आत्याला म्हणाल्या, "रुथबाई, काल माझा निर्णय झाला होता. मी अहवालाची पहिली ओळही मनात लिहून ठेवली होती. एखादी गोष्ट बंद पडते तेव्हा ती का पडली, हे विचारायचं आम्ही विसरतो."

"विचारलंत की तुम्ही," आत्या म्हणाली. "विमान थांबवून."

महिन्याभराने संसदेत ठराव आला. मी शाळेच्या अंगणात रेडिओ लावला, वर्ग सोडून दिले, आणि अर्धं गाव येऊन गवतावर बसलं. व्हिलाचे लोक लांबलचक बोलत राहिले. कोणी धक्क्याबद्दल, कोणी कर्जाबद्दल. मग एस्टरबाईंचा आवाज आला. त्यांनी आमच्या बेटाचं नाव घेतलं तेव्हा सगळे इतके शांत झाले की लाटा ऐकू आल्या. मग मतं मोजली गेली.

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. कोणीतरी मला मिठी मारली, कोणीतरी शाळेची घंटा बडवायला लागलं, पाद्रीबाबा रडत होते आणि एडमन त्यांना पाणी पाजत होता. मला एकदम आठवलं की सायलस इथे नाही. मी टेकडीवरून धावत खाली गेले.

तो इंजिनाच्या मागे वाकून काहीतरी घट्ट करत होता. त्या धडधडाटात त्याला काही ऐकू जात नव्हतं. मी ओरडले. त्याने कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडले. मग मी दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली.

त्याने ती मोजली. पुन्हा मोजली. हातातला पाना खाली पडला.

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा! इंजिन बंद कर ना जरा, सगळं सांगते!"

तो हसायला लागला. काळ्या तेलाने माखलेल्या चेहऱ्याने, सगळे दात दाखवत. मग माझ्या कानाशी येऊन त्या गडगडाटावर आवाज चढवत म्हणाला,

"बंद करणार नाही! तुम्हीच मोठ्याने सांगा!"